रिकामं ताट

मालवणजवळच्या एका गावात एक गाडीवान राहत होता. पावसाळा सरला, वाटा वाळल्या की तो बैलगाडीत नारळ, कोकमं आणि खारे बांगडे भरायचा. फोंडाघाट चढून कोल्हापूरला जायचा आणि येताना गूळ, मिरची, ज्वारी घेऊन यायचा. 1943 साली ज्वारीची गरज जास्तच होती. आदल्या वर्षी जपानने ब्रह्मदेश घेतला आणि रंगूनचा तांदूळ यायचा बंद झाला. किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत दिवसाचं एक जेवण पेजेवर निघत होतं.

त्या हंगामात कोल्हापूरच्या पेठेत त्याला एकाने सांगितलं, "वळिवड्याला जा. तिथं गोऱ्या लोकांची छावणी पडलीय. पाच हजार माणूस आहे. दाम दुप्पट लाव, कुणी विचारायचं नाही."

गाडीवान वळिवड्याला गेला. साहेब लोक दिसतील, असं त्याला वाटलं होतं. दिसल्या त्या लांबच लांब बराकी, पाण्याच्या बादल्या वाहणाऱ्या बायका, ठिगळं लावलेले झगे आणि काटकुळ्या पायांची पोरं. पुरुष फारसे नव्हतेच.

फाटकाशी एक मराठी कारकून होता. त्याला गाडीवानाने विचारलं, "हे गोरे खंयचे?"

कारकून म्हणाला, "पोलंडचे. एका बाजूने जर्मनी, दुसऱ्या बाजूने रशिया असा दोघांनी मिळून त्यांचा देश वाटून घेतला. 1940च्या फेब्रुवारीत रशियाचे शिपाई रात्री दारात आले. हाताला लागेल ते घ्या म्हणाले आणि मालगाडीत घालून सैबेरियात नेलं, लाकडं तोडायला. पुढे जर्मनी रशियावरच उलटला, तेव्हा यांना सोडलं. मग इराण, तिथून बोटीने कराची आणि कराचीहून रेल्वेने इथं. वाटेत किती मेले, ते त्यांनाच ठाऊक. पुरुष कोणी लढाईवर आहेत, कोणाचा पत्ताच नाही."

गाडीवानाने गाडी सोडली, बैलांपुढे पेंढा टाकला आणि माल मांडला. शेजारचा गाडीवाला दुप्पट दामाने विकत होता.

एक बाई आली. बरोबर सात-आठ वर्षांची मुलगी होती. बाईने नारळाकडे पाहिलंही नाही. तिने एक खारा बांगडा उचलला, नाकाशी धरला आणि तशीच उभी राहिली. मुलगी तिचा झगा ओढत होती तरी ती हलली नाही. थंडीच्या मुलखातली ती माणसं. खारवलेला मासा तिच्याही घरी असणार, एवढं गाडीवानाला कळलं.

तिने बोटं दाखवून दाम विचारला. गाडीवानाने मालवणच्या बाजारात घ्यायचा तोच दाम सांगितला. तिने मुठीतली नाणी मोजली. कमी पडली. तिने बांगडा खाली ठेवला.

गाडीवानाने तो उचलून मुलीच्या हातात दिला. बाईने तो काढून परत ठेवला. त्याने पुन्हा दिला, तिने पुन्हा ठेवला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण मान ताठ होती. मग तिचं लक्ष त्याच्या सदऱ्याकडे गेलं. घाटात जू सावरताना बाही कोपरापासून उसवली होती. तिने मुलीला पिटाळलं. मुलगी सुई-दोरा घेऊन आली. बाईने त्याला खूण करून गाडीच्या दांडीवर बसवलं आणि बाही अंगावर असतानाच शिवली. टाके इतके बारीक होते की दोन बोटं फिरवली तरी शिवण लागत नव्हती. काम झाल्यावर तिने दात लावून दोरा तोडला, चार बांगडे मोजून घेतले आणि नाणीही त्याच्यापुढे ठेवली. गाडीवानाने ती मुकाट्याने उचलली.

घरी आल्यावर बायकोने दिव्याशी बाही धरून पाहिली.

"ह्यां कोणी शिवल्यान?"

त्याने सगळं सांगितलं. बायकोने ऐकून घेतलं. पुढच्या खेपेआधी तिने जत्रेतून मालवणी खाजा आणला आणि फडक्यात बांधला. शेजारीण म्हणाली, "आपल्या घरात तांदूळ नाय, नि तू गोऱ्यांच्या पोरांका खाजा धाडतंस?"

"म्हणानच धाडतंय," ती म्हणाली. "भूक म्हंजे काय ता माका ठावक आसा."

शेजारीण गेली आणि थोड्या वेळाने ओंजळभर कोकमं घेऊन आली. ही कोकमं गोऱ्यांना कशाला लागणार, हे तिलाही माहीत नव्हतं. तरी ती फडक्यात बांधली गेली.

कारकुनाने गाडीवानाला सांगून ठेवलं होतं, "24 डिसेंबरला त्यांचा मोठा सण. त्या रात्री मटण चालत नाही, मासा लागतो. त्या दिवशी ये."

तो निघाला, पण घाटात चाकाची धाव निसटली आणि दिवस मोडला. वळिवड्याला पोचला तेव्हा सूर्य बुडत होता. बराकींपुढे पोरं माना वर करून उभी होती. पहिली चांदणी दिसेपर्यंत जेवायला बसायचं नाही, अशी त्यांची रीत. बाई धावत आली. तिने बांगडे घेतले, मग गाडीतल्या पेंढ्याकडे बोट दाखवलं. गाडीवानाला वाटलं, चुलीला हवा असेल. त्याने भारा उचलला. ती हसली आणि तिने त्यातला मूठभरच घेतला.

खोलीत खोक्यांचं मेज केलं होतं. बाईने तो पेंढा त्यावर पसरला आणि वर पांढरी चादर घातली. त्यांचा देव गोठ्यात जन्मला, म्हणून त्या रात्री चादरीखाली गवत लागतं. गाडीवान दारातूनच पाहत होता. मेजाभोवती चार माणसं होती आणि ताटं पाच.

मुलगी आता थोडं मराठी बोलायला शिकली होती. त्याने तिला विचारलं, "ह्यां ताट बाबाचा?"

तिने मान हलवली. "येईल त्याचं," ती म्हणाली. "कोण पण येईल."

मग तिने त्याचा हात धरला. गाडीवान मागे सरला. पायांना घाटाची धूळ होती, अंगाला बैलांचा वास होता, आणि दुसऱ्याच्या धर्माच्या पानावर कसं बसायचं, हेही त्याला सुचेना. बाईने पाण्याची बादली पुढे केली. त्याने हातपाय धुतले आणि तो त्या पाचव्या ताटावर बसला. तिने पातळ, कागदासारखी पोळी मोडून त्याला तुकडा दिला आणि आपल्या हातातली पुढे केली. त्यानेही तिच्यातला तुकडा मोडून घेतला. मग सगळ्यांनी बांगडा खाल्ला. मुलांनी खाजा खाल्ला. कोकमाचं काय करायचं, ते गाडीवानाने पाण्यात भिजवून दाखवलं.

युद्धातून पळून आलेल्या माणसाला अन्न लागतं, छप्पर लागतं, आणि ते सरकारं, संस्थानं, मोठ्या संस्था देऊ शकतात. पण घराबरोबर त्याची आणखी एक गोष्ट जाते. दारात आलेल्याला "बसा, जेवा" म्हणण्याचा मान जातो. तो मान सरकारला देता येत नाही. त्याच्या दारात जाऊन, हातपाय धुऊन, त्याच्या ताटावर बसावं लागतं. गाडीवानाने रास्त दाम लावला, सदरा शिवून घेतला आणि बोलावल्यावर तो बसला. यासाठी त्याला पदरचं फारसं काही मोडावं लागलं नाही. मला तर त्याने फुकट देऊ केलेल्या बांगड्यापेक्षा त्याने उचललेली नाणी मोठी वाटतात.

लढाई संपली तरी त्या लोकांना गावी जाता आलं नाही, कारण त्यांची गावंच रशियाच्या हद्दीत गेली होती. 1948पर्यंत ते पांगले. बरेचसे इंग्लंडला गेले, कोणी आणखी लांब. बाई आणि मुलगी कुठे गेल्या, ते गाडीवानाला कळलं नाही.

बराकी मात्र रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणी झाली आणि सिंधमधून उठून आलेली कुटुंबं तिथं राहायला आली. आज त्याच जागेला गांधीनगर म्हणतात आणि कापडाच्या खरेदीला लांबलांबची माणसं तिथं येतात.

गाडीवान घरी येऊन बायकोला म्हणाला, "थंय आता दुसरी माणसा इलीहत. तेंचाय घरदार गेला."

"ती काय खातत?" बायकोने विचारलं. "पयलां इचारून येवा."

पुढच्या खेपेला त्याने विचारलं. एका म्हाताऱ्या सिंध्याने दोन्ही हात पसरून त्यांच्या नदीतला मासा केवढा असायचा, ते दाखवलं. त्यानंतरच्या खेपेला गाडीत खाऱ्या बांगड्यांबरोबर खारी सुरमईही होती, मालवणच्याच दामाने.