कूलरचं पाणी

नागपुरात उन्हाळ्यात भांडणं कूलरवरून होतात. मी बर्डीवर राहतो, मेन रोडच्या मागच्या एका गल्लीत, दुसऱ्या माळ्यावर. एप्रिल लागला की खिडक्यांना कूलर लागतात आणि कुणाच्या तरी टाकीचं पाणी खालच्या माणसाच्या डोक्यावर ठिबकतं. आधी "ओ भाऊ, पाणी पाहा जरा" होतं. मग आवाज चढतो, आणि पाचव्या मिनिटाला पाणी बाजूलाच राहतं, "तुम्ही लोक असेच" सुरू होतं. या 'तुम्ही लोक'कडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं. दिलं ते एका लेबनीज सिनेमामुळे.

झियाद दुएरीचा 'द इन्सल्ट' (२०१७) बैरुतमध्ये घडतो. टोनी गॅरेजवाला, ख्रिश्चन. यासर बांधकामावरचा मुकादम, पॅलेस्टिनी निर्वासित. टोनीच्या बाल्कनीच्या पाइपमधून खाली काम करणाऱ्यांवर पाणी पडतं. यासरची माणसं पाइप नीट करून देतात, टोनी तो फोडून टाकतो, यासर शिवी देतो. टोनीला माफी हवी असते. यासर ती मागायला येतोही, पण टोनी असं काही बोलतो की यासरचा ठोसा पडतो. प्रकरण कोर्टात जातं आणि त्या पाइपमागे देशाचं सगळं यादवी युद्ध उभं राहतं. यासरचं काम करणाऱ्या कामेल अल बाशा यांना व्हेनिसला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. अरब जग म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर बातम्यांमधला धूर यायचा. इथे एक गळका पाइप होता.

सिनेमा सुचवला ऑफिसमधल्या मित्रानं. आम्ही मिहानमध्ये एकाच टीममध्ये. दोन वर्षांपूर्वी दोघांनी मिळून खोली शोधायला घेतली. बर्डीच हवी होती, कारण मेट्रोच्या दोन्ही लाइन इथे मिळतात आणि खापरीची गाडी थेट. घरमालक काकांनी चहा पाजला, किराया ठरला, मग नावं विचारली. माझं आडनाव ऐकून मान डोलावली. त्याचं नाव ऐकून म्हणाले, "घरी विचारून सांगतो." संध्याकाळी फोन मला एकट्याला आला. "तू ये बेटा. पण एकटा."

मित्राला सांगितलं तर तो हसला. "घेऊन टाक ना बे. किराया पण कमी आहे." मी घेतली. तो जाफरनगरला राहायला गेला.

अडचण अशी की काका वाईट माणूस नाहीत. मला ताप आला तेव्हा काकूंनी तीन दिवस मुगाची खिचडी वर पाठवली. आमच्या कूलरचं पाणी खाली पडू नये म्हणून काकांनी स्वतः शिडीवर चढून नळी लावली. मग त्या संध्याकाळचा फोन मी कोणत्या खात्यात मांडायचा?

याच खोलीत मी चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' पुन्हा पाहिला. २०१४ चा, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. आरोपी लोकशाहीर नारायण कांबळे. आरोप असा की त्यांचं गाणं ऐकून एका गटार सफाई कामगारानं आत्महत्या केली. ही भूमिका केली नागपूरच्या वीरा साथीदारांनी. ते नट नव्हते, कार्यकर्ते होते, 'विद्रोही' मासिकाचे संपादक. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनानं गेले.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला कांबळ्यांचा अन्याय दिसला होता. या वेळी सरकारी वकील नूतन दिसली. कोर्टात ती म्हाताऱ्या शाहिराला जामीन मिळू नये म्हणून रेटून बोलते. मग लोकलनं घरी जाते, मुलाला आणते, स्वयंपाक करते, सगळ्यांना वाढते. सुट्टीच्या दिवशी कुटुंब नाटकाला जातं. रंगमंचावर एक मराठी बाप मुलीच्या परप्रांतीय मित्राला घराबाहेर काढतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. कुणाच्याही चेहऱ्यावर द्वेष नाही, सुट्टीचा आनंद आहे.

तिथे मी लॅपटॉप थांबवला. आपण समजतो की रोजचं जगणं एकीकडे असतं आणि संघर्ष दुसरीकडे. वरणभात इकडे, दंगल तिकडे. दुएरी आणि ताम्हाणे दोघंही ही वाटणी मान्य करत नाहीत. अन्याय चालतो तो वरणभात खाणाऱ्या माणसांच्याच हातून, आणि बहुतेक वेळा आवाज न चढवता. काकांनी खोली नाकारली. पण ती नाकारणी पूर्ण झाली मी चावी घेतली तेव्हा.

यावर माझाच आक्षेप होता. सगळ्यांना असं समजून घेत बसलो तर दोष कुणाचाच उरत नाही. नूतन चांगली आई, काका प्रेमळ, मी गरजू. पण समजून घेणं म्हणजे सोडून देणं नव्हे. काकांना राक्षस ठरवलं असतं तर उलट मीच सुटलो असतो, कारण राक्षसाशी माझं काही नातं नाही. खिचडी पाठवणाऱ्या माणसाशी आहे. त्याला विचारता येतं. दोन वर्षं मी विचारलं नव्हतं, एवढंच.

मागच्या महिन्यात समोरची खोली रिकामी झाली. काका म्हणाले, "तुझ्या ओळखीत कोणी चांगला पोरगा असेल तर सांग." मी मित्राचं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट. म्हटलं, "काका, तुम्ही त्याला भेटले आहात." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग "पाहू" म्हणून खाली गेले.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मित्राला हे सांगितलं, थोडं अभिमानानं. त्यानं डबा उघडता उघडता विचारलं, "मला राहायचं आहे का तिथं, हे विचारलं का बे तू?"

नव्हतं विचारलं. सिनेमा पाहून माझं मन जड झालं होतं आणि ते हलकं करायला मी पुन्हा त्याचंच नाव वापरलं होतं.

"बरं," मी म्हटलं, "आता विचारतो. राहशील?"

"आधी काका काय म्हणतात ते कळू दे," तो म्हणाला. "मग मी पण घरी विचारून सांगतो."