पालघरच्या मैदानावर माळी कोण ठेवणार?

मे २०२० मध्ये कोरोनामुळे सगळा देश घरात कोंडलेला असताना भारतीय संघातला एक वेगवान गोलंदाज पालघर जिल्ह्यातल्या बोईसरच्या मैदानावर उतरला. शार्दुल ठाकूर. मैदान पालघर-डहाणू तालुका स्पोर्ट्स असोसिएशनचं. सरकारनं काही भागांत उघड्यावर एकेकट्यानं सराव करायला मुभा दिली होती. आत येणाऱ्याचं तापमान मोजलं जात होतं आणि प्रत्येक गोलंदाजाला त्याचे वेगळे, जंतुनाशकानं पुसलेले चेंडू दिले होते. मुंबईचा यष्टिरक्षक हार्दिक तामोरे, तोही पालघरचाच, सरावाला होता. टाळेबंदीनंतर मैदानावर परतलेला भारताचा पहिला क्रिकेटपटू म्हणून शार्दुलची बातमी झाली. बोर्डाची परवानगी न घेता तो उतरला म्हणून वर थोडी कुरकुरही झाली.

ही बातमी आपण सगळ्यांनी ‘गावचा मुलगा गावात सरावाला’ अशी वाचली. मला ती उलट वाचावीशी वाटते. वानखेडेसारखी मोठी मैदानं कुलूपबंद होती, तेव्हा एका आंतरराष्ट्रीय खेळाडूला धावायला जागा आणि टाकायला खेळपट्टी दिली ती एका तालुका पातळीवरच्या संघटनेनं. त्या दिवशी देणारी संस्था होती आणि घेणारा खेळाडू. खेळाडूनं समाजाला परत काय दिलं याची चर्चा करताना हा हिशेब आपण सहसा मांडतच नाही. एखादा मुलगा नावारूपाला आला की पहिल्याच सत्कारात शाल-श्रीफळासोबत प्रश्न तयार असतो: ‘आता गावासाठी काय करणार?’ प्रश्न वाईट नाही. पण त्याआधी त्या गावानं, गावाजवळच्या कारखान्यांनी, सरकारनं त्याच्यासाठी काय केलं होतं, हे कोणी विचारत नाही. विचारलं तर उत्तर अवघड जाईल.

शार्दुलच्या बाबतीत ते उत्तर ठाऊक आहे. बोईसरच्या तारापूर विद्यामंदिराकडून खेळताना २००६ साली त्यानं बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलविरुद्ध ७८ धावा काढल्या आणि ५ बळी घेतले. समोरच्या संघाचे प्रशिक्षक दिनेश लाड सामना संपल्यावर त्याच्या वडिलांशी बोलले: मुलाला माझ्या शाळेत पाठवा. वडिलांची अडचण सरळ होती. दहावीचं वर्ष तोंडावर, आणि पालघर ते बोरिवली रोजची ये-जा. विरार-डहाणू लोकल सुरू झाली ती एप्रिल २०१३ मध्ये. त्याआधी विरारच्या पुढे राहणाऱ्यांचं आयुष्य शटलच्या आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या वेळेवर चालायचं. एक गाडी चुकली की नेटमधला सराव चुकला. लाडांनी त्यावर काढलेला तोडगा कुठल्याही क्रीडा योजनेत बसणारा नव्हता. त्यांनी मुलाला स्वतःच्या घरी राहायला नेलं. रेल्वेत नोकरी करणाऱ्या माणसाच्या घरात एक ताट आणि एक अंथरूण वाढलं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे: शालेय क्रिकेटमध्ये एका षटकात सहा षटकार, २०१२ साली रणजी पदार्पण, आणि जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला पहिल्या डावात ६७ धावा व सामन्यात ७ बळी.

याच लाडांनी काही वर्षं आधी रोहित शर्मासाठी त्याच शाळेतून महिना २७५ रुपयांची फी माफ करून घेतली होती. २७५ रुपये. पुढे काय झालं हे ठाऊक असल्यामुळे आज तो आकडा वाचताना हसू येतं, पण तेव्हा तो एका घराला न झेपणारा होता. लाडांना २०२२ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

इथे अमेरिकेतल्या बेसबॉलकडे पाहणं उपयोगाचं आहे, कारण खेळाडूनं समाजसेवा करायची ही अपेक्षा त्यांनी जितकी पद्धतशीर बसवली आहे तितकी क्वचितच कुठे दिसते. तिथे दरवर्षी रॉबर्टो क्लेमेंटे यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो. प्रत्येक संघ आपला एक खेळाडू सुचवतो आणि निवड करताना मैदानावरच्या खेळाइतकंच मैदानाबाहेरचं काम पाहिलं जातं. क्लेमेंटे पोर्तो रिकोचे. पिट्सबर्ग पायरेट्सकडून खेळताना १९७२ च्या मोसमाच्या शेवटी त्यांचे बरोबर तीन हजार हिट पूर्ण झाले. त्याच डिसेंबरात निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपानं उद्ध्वस्त झाली. क्लेमेंटे यांनी मदत गोळा करून विमानांनी पाठवली, पण ती तिथल्या हुकूमशहाच्या सैनिकांच्या हाती पडून लोकांपर्यंत पोहोचत नाही असं त्यांच्या कानावर आलं. म्हणून ३१ डिसेंबरच्या रात्री ते स्वतः विमानात बसले. क्षमतेपेक्षा जास्त माल भरलेलं ते विमान उड्डाणानंतर लगेच समुद्रात कोसळलं.

या कथेतला त्याग सगळे सांगतात. मला त्यातला संशय महत्त्वाचा वाटतो. दिलेली वस्तू खरोखर पोहोचते का, हे पाहायला हा माणूस निघाला होता. धनादेशाची प्रतिकृती हातात धरून फोटो काढणाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही.

क्लेमेंटे यांची दुसरी कथा कमी सांगितली जाते. पोर्तो रिकोतल्या गरीब मुलांसाठी क्रीडानगरी उभारायची त्यांची इच्छा होती. त्यांच्या मृत्यूनंतर सरकारनं जमीन दिली, कुटुंबानं ती उभी केली आणि तिथून पुढे नामांकित खेळाडू निघाले. मग पैसा आटला, निगा थांबली आणि मैदानांवर गवत माजलं. जगातल्या सर्वांत आदरणीय खेळाडूंपैकी एकाचं नाव पाठीशी असूनही.

पैशानं होणाऱ्या मदतीची एक जात अशी असते की ती एकदा केली की पुरी होते. सुनील गावस्कर यांनी २०१९ मध्ये सत्तरी गाठली तेव्हा खारघरच्या सत्य साई संजीवनी रुग्णालयात ३५ मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांचा खर्च उचलला. त्यांच्या भारतासाठीच्या शतकांइतक्या, ३४ कसोटीतली आणि १ एकदिवसीय. मुलाचं ऑपरेशन झालं, मूल घरी गेलं, देणगीचं काम झालं. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत अजिंक्य रहाणेनं ३० ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर दिले, तेही तसंच. मागे रुग्णालय किंवा यंत्रणा उभी असते, खेळाडूनं फक्त उणीव भरायची. अशा कामाला खेळाडूचा धनादेश अगदी योग्य आहे.

खेळाडू घडवण्याचं काम या जातीचं नाही. दिलीप वेंगसरकर यांनी हे ओळखलं असावं. ओव्हल मैदानावरची आणि नंतर पिंपरी-चिंचवडमधल्या थेरगावची त्यांची अकादमी मुलांकडून पैसे न घेता चालली, पण त्यांच्या नावामागे जागा देणारी महापालिका आणि खर्च उचलणाऱ्या कंपन्या होत्या. ऋतुराज गायकवाड थेरगावच्या अकादमीतलाच. वेंगसरकरांनी स्वतःच्या खिशातून किती घातले हे मला फारसं महत्त्वाचं वाटत नाही. आपलं नाव वापरून त्यांनी इतरांच्या खिशाला हात घातला आणि तो वर्षानुवर्षं तिथून काढला नाही, हे त्यांचं खरं काम.

अशा कंपन्या पालघरकडेही आहेत का, हे पाहायला बोईसरशेजारच्या तारापूरकडे जाऊ. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र इथे १९६९ पासून चालू आहे. पुढच्या दोन अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. शेजारी एमआयडीसी, कारखाने हजाराच्या घरात, त्यातले बरेच रसायनांचे. त्यांच्या सांडपाण्यानं नवापूरपर्यंतच्या किनाऱ्याचं काय केलं हे मच्छीमारांना विचारावं. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्यात कंपनी जिथे चालते त्या परिसराला प्राधान्य द्यावं असं लिहिलं आहे, आणि मान्य कामांच्या यादीत ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण आहे. मजा पुढे आहे. जून २०१४ मध्ये केंद्रानं परिपत्रक काढून स्पष्ट केलं की मॅरेथॉन, पुरस्कार यांसारखे एकदाच होणारे कार्यक्रम या खर्चात धरले जाणार नाहीत. म्हणजे वर्षभराचं प्रशिक्षण कायद्याला चालत होतं, एका दिवसाचा सोहळा चालत नव्हता.

आपल्याकडे मात्र सोहळ्यांचीच चलती आहे. दिवाळी झाली की पालघर ते डहाणू पट्ट्यात टेनिस बॉलचे सामने सुरू होतात. हा चषक आमदाराचा, तो चषक नगरसेवकाचा, नाक्यावर बॅनर, रात्री फ्लडलाइट, समालोचकाचा आवाज पार रेल्वे फाटकापर्यंत. मला हे सामने आवडतात. त्यातली मजा अस्सल आहे आणि मांगेला, वाडवळ, भंडारी, वारली अशा सगळ्या समाजांतली मुलं एकाच मैदानावर दिसतात, ही साधी गोष्ट नाही. पण त्या पैशातून मैदानाला दुसऱ्या दिवशी काही मिळत नाही. मंडप सोडताना खुंट्यांची भोकं तेवढी मागे राहतात. सीझन म्हणजे चामड्याच्या चेंडूनं खेळायचं तर मुलाला टर्फ विकेट लागते, नाहीतर निदान मॅटिंग. आणि टर्फला माती, रोलर, पाणी आणि माळी लागतो. मुंबईच्या मैदानांवर या माळ्यांना नावानं ओळखणारे कप्तान होऊन गेले. इथे तो माणूस कोणाच्या पगारपत्रकावर नाही.

एक आक्षेप नक्की येईल. याच जिल्ह्यात जव्हारजवळच्या वावर-वांगणीत १९९२-९३ साली मुलं कुपोषणानं दगावली, अजूनही मोखाड्याकडच्या पाड्यांवर उन्हाळ्यात पाण्यासाठी डोंगर उतरावा लागतो, आणि तुम्ही खेळपट्टीच्या मातीबद्दल काय बोलता? आक्षेपाला वजन आहे. पण तो गोलंदाजावर घ्यायचा नाही, मंत्रालयावर घ्यायचा. कुपोषणासाठी अंगणवाडी, आरोग्य केंद्र, रोजगार हमी आहे. ती धड चालवणं हे सरकारचं काम. त्या जागी खेळाडूला उभं केलं की सरकार सुटतं आणि खेळाडू दोन धान्यवाटपं करून फोटोपुरता उरतो. आश्रमशाळेतल्या मुलांना क्रिकेटपेक्षा धावणं, खो-खो, कबड्डी जवळची आहे हे मात्र मान्य. पैसे आले तर आधी तिथे बूट आणि धड सपाट जागा यावी, याला माझी हरकत नाही.

मग शार्दुलकडून किंवा तामोरेकडून काय मागायचं? अमेरिकेतला खेळाडू बहुधा ज्या शहरासाठी खेळतो तिथे समाजकार्य करतो, कारण संघ त्या शहराचा असतो आणि संघाची धर्मादाय संस्था तिथेच काम करते. शार्दुल आयपीएलमध्ये पंजाब, पुणे, चेन्नई, दिल्ली, कोलकाता, लखनौ अशी घरं फिरला. यातलं एकही घर पालघरच्या मैदानावर खर्च करणार नाही, आणि त्यात त्यांची चूकही नाही. वेगवान गोलंदाजाची कारकीर्द गुडघ्यावर आणि घोट्यावर टिकलेली. २०१८ मध्ये हैदराबादला आपल्या पहिल्या कसोटीत शार्दुल दहा चेंडू टाकून जायबंदी झाला होता. त्याच्या बँक खात्यावर जिल्ह्यानं डोळा ठेवणं मला बरं दिसत नाही.

त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेहून परतल्यावर त्यानं अंधेरीहून पालघरची लोकल पकडली. डब्यातली मुलं मोबाइलवर त्याचा फोटो शोधून समोरच्या माणसाशी ताडून पाहत होती. असं येणं-जाणं मला कुठल्याही धनादेशाहून मोलाचं वाटतं, पण ते सुद्धा पुरेसं नाही. मागायचं ते त्याचं नाव. आणि मागायची वेळ आत्ताची आहे. १ ऑगस्ट २०१४ ला जिल्हा वेगळा झाला. कोळगावला मुख्यालय उभं राहिलं आणि ते बांधून देण्याच्या बदल्यात सिडकोला नवं शहर वसवायला जमीन मिळाली. बोईसरला बुलेट ट्रेनचं स्थानक येतंय. वाढवण बंदराचा पायाभरणी समारंभ ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरमध्येच झाला, मच्छीमारांचा विरोध तसाच असताना. जमिनीचे भाव असे चढू लागले की विकास आराखड्यात सगळ्यात आधी मैदानाचं आरक्षण बदलतं. वसई-विरारकरांना हे वेगळं सांगायला नको. त्या आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या जातील तेव्हा भारताकडून कसोटी खेळलेल्या माणसाचं एका पानाचं पत्र हजार सह्यांच्या निवेदनापेक्षा जड ठरेल. तेच पत्र एमआयडीसीतल्या कंपन्यांकडे गेलं तर त्यांना उत्तर द्यावं लागेल.

त्या पत्रात काय लिहायचं तेही फार नाही. तालुक्यात निदान एक टर्फ मैदान कायमचं राखीव, त्याला दोन माळी आणि एक प्रशिक्षक, आणि जव्हार-विक्रमगडकडून येणाऱ्या चार-सहा मुलांची राहायची सोय, म्हणजे लाडांच्या घरात एका मुलासाठी झालं ते जरा मोठ्या प्रमाणावर. पावसाळा संपता संपता खेळपट्टी उकरून पुन्हा बसवावी लागते. माळी सप्टेंबरात कामाला लागला नाही तर दिवाळीआधी सामना होत नाही. एवढा वर्षाचा खर्च तारापूरच्या चार-पाच कंपन्यांच्या दोन टक्क्यांत कुठल्या कुठे बसेल, आणि कायदा त्याच्या आड येत नाही.