बाहुल्यांचा संग्रह विकावा काय?

मनुष्याच्या घरांत ज्या वस्तू असतात त्यांपैकीं कांहीं उपयोगाच्या, कांहीं शोभेच्या व कांहीं आठवणीच्या असतात. उपयोगाची वस्तु विकतांना कोणाचें मन अडत नाहीं. जास्तीचें धान्य किंवा जुनी बैलगाडी बाजारांत नेली तर त्यांत गैर आहे असें कोणी म्हणत नाहीं. परंतु जी वस्तु एखाद्यानें आयुष्यभर प्रेमानें जमविली, ती विकण्याची वेळ आली म्हणजे घरांत दोन पक्ष होतात. वस्तु बाहुलीसारखी क्षुल्लक असली तरी तो वाद क्षुल्लक नसतो. कारण त्यांत आठवण, गरज व प्रामाणिकपणा या तिहींचा संबंध येतो.

समजा, आमच्या वाशीसारख्या तालुक्याच्या गांवीं एक शिक्षिका राहत होत्या. नोकरीच्या काळांत त्या जेथें जेथें गेल्या तेथून त्यांनीं एकेक बाहुली आणली. सावंतवाडीची रंगीत लाकडी बाहुली, जत्रेंतील मातीची, चिंध्यांची, लाकडाची जुनी ठकी, आणि पुढें नातलगांनीं शहरांतून पाठविलेल्या प्लॅस्टिकच्या परदेशी बाहुल्या, अशा मिळून त्या चारशें झाल्या. बाई वारल्या. मुलगा पुण्यास असतो, मुलगी हैदराबादेस. घर बंद आहे व कपाटास वाळवी लागली आहे. सून म्हणते, "वन्सं, फोटो काढून ऑनलाइन विकून टाकूं. चार पैसे मुलाच्या शिक्षणाला होतील." मुलगी म्हणते, "वहिनी, आईच्या बाहुल्या बाजारांत मांडायच्या काय?" वाचकहो, या दोघींपैकीं कोणाचें म्हणणें न्यायाचें आहे, याचा आपण शांतपणें विचार करूं.

प्रथम सुनेचा पक्ष घेऊं. विकणें हें मुळांत वाईट नाहीं. बाहुली ही कोणाच्या तरी हातांत असावी म्हणूनच घडविलेली असते. बंद घरांत ती वाळवीस देणें यांत मृत माणसाचा मान राहतो असें म्हणतां येणार नाहीं. मुलाची फी भरावयाची असेल, कोणाचें आजारपण असेल, तर आठवणीपेक्षां जिवंत माणसाची गरज मोठी आहे. ज्याच्यापाशीं दुसरें कांहीं नाहीं, त्यास "तूं हें विकूं नकोस, दान कर" असा उपदेश करणें सोपें असतें. पण उपदेश करणाराचा त्यांत खिसा रिकामा होत नाहीं, हें विसरतां कामा नये.

तथापि या पक्षांत एक धोका आहे. संग्रह विकावयाचा म्हटलें कीं मनांत मोठमोठे आंकडे उभे राहतात. अमेरिकेंत १९९० नंतरच्या दशकांत एका कंपनीच्या लहान कापडी खेळण्यांचें असें वेड पसरलें होतें. बीनी बेबी हें त्यांचें नांव. भाव वाढतच जाणार या आशेनें प्रौढ माणसांनीं तीं खोकीं भरभरून घेतलीं, व त्याच काळीं नव्यानें निघालेल्या ऑनलाइन लिलावाच्या बाजारांत तीं मूळ किंमतीच्या कित्येक पटींनीं विकलीं गेलीं. दशक संपतां संपतां भाव कोसळले, व बहुतेकांच्या घरीं खोकीं तशींच राहिलीं. यावरून एवढेंच ध्यानांत घ्यावयाचें कीं, कोणी कितीही किंमत मागूं शकतो. मागितलेली किंमत हा भाव नव्हे. तशीच वस्तु प्रत्यक्ष कितीस गेली हें पाहावें, तोच भाव. जो मागितलेल्या आंकड्यावर संसाराचे बेत बांधतो, तो हवेंत घर बांधतो.

आतां मुलीचा पक्ष. तिला आई विकली जाते असें वाटतें. आई विकली जात नाहीं हें खरें. तरी तिच्या दुःखांत एक सत्य दडलेलें आहे. त्या चारशें बाहुल्या म्हणजे चारशें वस्तू एवढेंच नव्हे. ही कोणत्या जत्रेंतून आणली, ही कोणीं शिवली, ही कोणत्या सालची, हें सर्व त्या बाईंना ठाऊक होतें. वस्तु वारसांची झाली. परंतु ती माहिती कोणाची? आमचें म्हणणें असें आहे कीं, वस्तूचा मनुष्य मालक असतो, पण तिच्या माहितीचा तो केवळ कारभारी असतो. म्हणून गरजेपुरती वस्तु विकण्यास तो मोकळा आहे. मात्र तिची माहिती तिच्यापासून तोडून टाकण्यास तो मोकळा नाहीं.

याचें उत्तम उदाहरण आपल्याच धाराशिव जिल्ह्यांत आहे. तेर हें गांव गोरोबा काकांचें म्हणून सर्वांस ठाऊक आहे. परंतु सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं तेंच तगर या नांवाचें भरभराटीचें व्यापारी नगर होतें, व तेथील कापड भडोचच्या बंदरास जात असे, असें पेरिप्लस या जुन्या ग्रीक ग्रंथावरून कळतें. सातवाहनांच्या काळांतील पांढऱ्या मातीच्या मूर्ति व बाहुल्या तेथें सांपडल्या आहेत. पुढचा व मागचा असे दोन साचे जोडून त्या आंतून पोकळ बनवीत. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनीं गांवच्या पांढरींतून निघालेल्या अशा प्राचीन वस्तू मोठ्या चिकाटीनें जमविल्या, आणि त्यांच्या संग्रहांतूनच त्यांच्या नांवाचें शासकीय वस्तुसंग्रहालय तेर येथें उभें राहिलें. या वस्तू एकेक करून परगांवच्या शौकिनांस विकल्या गेल्या असत्या, तर त्या आज कोणाच्या तरी दिवाणखान्यांत "मातीची सुंदर बाहुली" म्हणून असत्या. पण ती तेरची, हें कोणास कळलें नसतें, व तेरच्या मुलांना आपल्या गांवचा पूर्वेतिहास हाताच्या अंतरावर दिसला नसता.

त्याच तेर येथें एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति सांपडली आहे. तिच्यासारखी दुसरी १९३८ सालीं इटलींतील पाँपेई येथें मिळाली. पाँपेई हें नगर इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. तेव्हां ती मूर्ति त्यापूर्वींच भारतांतून समुद्रापार गेली असली पाहिजे, हें निश्चित झालें. हा सर्व इतिहास कशामुळें उघडला? मूर्तीच्या सौंदर्यामुळें नव्हे, तर ती कोठें सांपडली याची नोंद होती म्हणून.

नोंदीचें महत्त्व सांगणारी दुसरीही एक गोष्ट आहे. ज्या अमेरिकन बोर्डानें १८१३ सालीं मुंबईंत मराठी मिशनचें कार्य आरंभिलें, त्याच बोर्डाचे सिडनी गुलिक हे मिशनरी पुष्कळ वर्षें जपानांत होते. दोन राष्ट्रांत वैमनस्य वाढत असतां, १९२७ सालीं, त्यांच्या पुढाकारानें अमेरिकेंतील मुलांनीं जपानी मुलांकरितां बारा हजारांवर बाहुल्या पाठविल्या. त्यांच्याबरोबर मैत्रीचीं पत्रें होतीं व मौजेसाठीं प्रवासाचे परवानेही होते. जपाननें उलट ५८ मोठ्या सुंदर बाहुल्या पाठविल्या. पुढें युद्ध पेटलें, व शत्रूच्या म्हणून त्या अमेरिकन बाहुल्या बहुतेक नष्ट करण्यांत आल्या. तरी कांहीं शिक्षकांनीं धोका पत्करून त्या लपवून ठेविल्या, आणि ३०० हून अधिक आज शिल्लक आहेत. बाजारभावानें पाहिलें तर ती साधी बाहुली होती. ती कोणीं व कां पाठविली हें ठाऊक असलेल्यांनींच ती वांचविली.

यावरून विकणाराचीं कर्तव्यें सहज निघतात. पहिलें कर्तव्य नोंदीचें. विक्रीस काढण्यापूर्वीं प्रत्येक बाहुलीस क्रमांक द्यावा, तिचा फोटो घ्यावा, आणि ती कोठून, केव्हां व कोणाकडून आली हें वहींत लिहावें. घरांतील वृद्धांस विचारावें, कारण ते गेल्यावर विचारावयास कोणी उरत नाहीं. माहिती नसेल तेथें जागा कोरी सोडावी. कल्पनेनें भरूं नये. वहीची एक प्रत घरीं ठेवावी व प्रत्येक बाहुलीबरोबर तिची हकीकत लिहून द्यावी. एवढें केलें म्हणजे संग्रह विखुरला तरी त्याचा इतिहास विखुरत नाहीं.

दुसरें कर्तव्य ग्राहकाशीं सत्य बोलण्याचें. बाजारांतील गिऱ्हाईक वस्तु हातांत घेऊन पाहतें. दूरचें गिऱ्हाईक केवळ आपल्या शब्दावर व फोटोवर विसंबतें. ज्यास पाहतां येत नाहीं त्याच्याशीं अधिक खरें बोललें पाहिजे. तडा गेला असेल, हात नवा बसविला असेल, रंग पुन्हा दिला असेल, तर तें आधींच सांगावें व त्या जागेचाच फोटो द्यावा. नवी बाहुली जुनी म्हणून खपविणें हें खोट्या मापानें धान्य मोजण्यासारखें आहे. तसेंच आपणही सावध असावें. पैसे घेण्यासाठीं बँकेचा गुप्त क्रमांक कधींच द्यावा लागत नाहीं. जो तो मागतो तो ग्राहक नसून लुबाडणारा आहे. आणि "सर्वच द्या, गठ्ठ्यानें घेतों" म्हणणाऱ्याची घाई पाहून आपण घाई करूं नये.

तिसरें कर्तव्य कायद्याचें. शंभर वर्षांहून जुनी मूर्ति किंवा कलावस्तु ही १९७२ च्या कायद्यानें पुरावस्तु ठरते. तिचा व्यापार परवान्यावांचून करतां येत नाहीं, व ती खासगी रीतीनें परदेशीं पाठवितां येत नाहीं. हस्तिदंताच्या वस्तूंच्या व्यापारासही बंदी आहे. म्हणून शेत नांगरतांना मातीची बाहुली हातीं लागली, तर ती फोटो काढून विकावयाची वस्तु नव्हे. ती तहसील कचेरींत अथवा पुरातत्त्व खात्यास कळवावयाची वस्तु आहे.

ज्यास पैशाची निकड नाहीं त्यानें आणखी एक पाऊल पुढें टाकावें. पुण्यांत दिनकर केळकर यांनीं दिवे, अडकित्ते व घरगुती वापराच्या हजारों वस्तू जमविल्या. बालपणींच वारलेल्या आपल्या राजा या मुलाचें नांव त्यांनीं त्या संग्रहालयास दिलें, आणि १९७५ सालीं तो सर्व ठेवा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. प्रत्येकाच्यानें असें दान होणार नाहीं. पण चारशेंतून वीस बाहुल्या गांवच्या शाळेच्या कपाटांत ठेवणें, आणि दोन-चार खेळण्याजोग्या मुलींच्या हातांत देणें, हें पुष्कळांस शक्य आहे.

तेव्हां आमच्या मतें सून व मुलगी दोघींचेंही खरें आहे, मात्र क्रम पाळला पाहिजे. आधीं दोघींनीं एकत्र बसून वही पुरी करावी. नंतर आपल्यासाठीं एकेक निवडून घ्यावी. मग शाळेचा वांटा काढावा. आणि उरलेल्या खुशाल विकाव्या, व त्या पैशाची लाज बाळगूं नये.

शेवटीं, आपण सर्वच कांहीं ना कांहीं जमवीत असतों, मग तीं भांडीं असोत, पुस्तकें असोत वा जमिनीचे तुकडे. एके दिवशीं तें सर्व दुसऱ्याच्या हातीं जाणार यांत संशय नाहीं. तेव्हां त्याची किंमत किती येईल हा प्रश्न आपले वारस विचारतीलच. आपण हयात असतांना त्यांना हकीकत सांगून ठेविली आहे काय, हें प्रत्येकानें आजच आपल्या घरीं पाहावें.