उंच केलेला पिकअप आणि गृहस्थाचे दिग्व्रत

अमेरिकेत ज्याला ‘लिफ्टेड पिकअप’ म्हणतात, ती म्हणजे सस्पेन्शनचे भाग बदलून किंवा चासी आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे घालून कारखान्यातील मूळ उंचीपेक्षा काही इंच वर उचललेली आणि त्या मानाने मोठे टायर चढवलेली मालवाहू गाडी होय. अशी गाडी जुनी झाली, की गॅलनमागे जेमतेम १० मैल देऊ लागते आणि मालक तिचे ॲव्हरेज वाढवण्याच्या खटपटीला लागतो. जी उधळपट्टी हौसेने पत्करली, तिच्यातलाच थोडा अंश कसोशीने वाचवणे याला संयम म्हणावे की आत्मवंचना, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला तरी जैन आचारशास्त्राने त्याचा जितका बारकाईने विचार केला आहे, तितका क्वचितच कोणी केला असेल.

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात गृहस्थाच्या पाच अणुव्रतांना, म्हणजे साधूच्या महाव्रतांच्या सौम्य रूपांना, पूरक अशी सात व्रते सांगितली आहेत. त्यांपैकी ‘दिग्व्रत’ म्हणजे प्रत्येक दिशेला आपण किती अंतरापर्यंत जाऊ याची सीमा आखून घेणे; त्यामागील तर्क असा की गृहस्थाच्या हालचालीतून जीवहिंसा टळत नाही, परंतु सीमेपलीकडील प्रदेशापुरती ती पूर्णपणे थांबते. ‘अनर्थदंडविरती’ म्हणजे ज्यातून कोणतेही प्रयोजन साधत नाही अशा हिंसेपासून दूर राहणे, आणि तिच्या कक्षेत ‘प्रमादचर्या’, म्हणजे निष्काळजीपणाने केलेली नासधूस, आवर्जून मोडते.

जुन्या पिकअपचे बरेचसे इंधन या प्रमादचर्येतच जाते. थर्मोस्टॅट उघडाच अडकून बसला, तर इंजिन पुरेसे तापत नाही आणि ते अजून थंडच आहे असे समजून त्याची संगणकीय यंत्रणा गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडत राहते. ऑक्सिजन सेन्सर म्हातारा झाला, तर हवा व इंधन यांच्या मिश्रणाचा अंदाज चुकतो. ब्रेकचा कॅलिपर जाम झाला, तर चाक सतत घासत राहते. चालकाला यातून ना वेग मिळतो ना सुख. यावरचे उपायही साधे आहेत: टायरमध्ये योग्य हवा, वेळच्या वेळी स्पार्क प्लग, उभ्या गाडीचे इंजिन बंद. (मागचे फळकूट खाली पाडून ठेवले की ॲव्हरेज वाढते ही समजूत मात्र बहुधा खोटी ठरते; फळकूट बंद असताना हौद्यात हवेचा भोवरा अडकून राहतो आणि वरची हवा त्यावरून सुरळीत निसटते.)

उंचीचा प्रश्न अधिक अवघड आहे. गाडी वर उचलली, की तिच्या पोटाखाली शिरणारी हवा एक्सल आणि गिअरबॉक्स यांवर आदळते, आणि हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ताशी ६० मैलांऐवजी ७५ मैलांनी जाताना तो दीडपटीहून अधिक होतो. बर्फात किंवा जंगलातील खडकाळ वाटेवर जाणाऱ्याला या उंचीचे प्रयोजन आहे. फ्रीवेवरून कचेरीत जाणाऱ्याला ते नाही. तेव्हा अर्थ आणि अनर्थ यांची सीमारेषा यंत्रातून जात नसून वापरातून जाते, आणि एकच गाडी सोमवारी एका बाजूस व रविवारी दुसऱ्या बाजूस असू शकते.

हिशेबातही एक खोच आहे. कारखान्यात ३० इंची टायर गृहीत धरून बसवलेला ओडोमीटर ३३ इंची टायरवर १०० मैल दाखवतो, तेव्हा प्रत्यक्षात ११० मैल कापलेले असतात. म्हणजे हरवलेल्या ॲव्हरेजचा एक भाग मुळात हरवलेलाच नसतो. एक्सलचे गिअर ३.७३ वरून ४.१० केले, की इंजिनाचे फेरे पूर्ववत होतात, पण त्याचा खर्च इंधनातून भरून निघेलच असे नाही. दिग्व्रताच्या अतिचारांत, म्हणजे व्रत अंशतः बिघडवणाऱ्या दोषांत, ‘स्मृत्यंतराधान’ हा दोष आहे: आखलेल्या सीमेचा विसर पडणे. चुकीचा ओडोमीटर हे काम चालकाच्या नकळत करतो.

तरीही या खटपटीला हसण्याचे कारण नाही. वर्षाला १०,००० मैल धावणाऱ्या गाडीचे ॲव्हरेज १० वरून १२ झाले, तर सुमारे १६७ गॅलन वाचतात. ३० वरून ४० झाले, तर सुमारे ८३. उधळ्याची छोटी सुधारणा काटकसऱ्याच्या मोठ्या सुधारणेच्या दुप्पट भरते, आणि अणुव्रताची कल्पना याच व्यवहारी समजुतीवर उभी आहे.

खरा धोका पुढे आहे. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये ‘द कोल क्वेश्चन’ या ग्रंथात दाखवून दिले, की वाफेचे इंजिन कमी कोळशात अधिक काम करू लागल्याने कोळशाचा एकूण खप घटला नाही, उलट वाढला. मैलामागचा खर्च उतरला, की मैल वाढतात. दिग्व्रताच्या अतिचारांत याच प्रवृत्तीला ‘क्षेत्रवृद्धी’ म्हटले आहे. अमेरिकेने १९७४ मध्ये, तेलटंचाईच्या काळात, देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा घातली. ती १९९५ मध्ये उठली. ते राज्याने लादलेले व्रत होते आणि तेही वेगाचे; अंतराला त्याने हात घातला नव्हता.

मोंटानासारख्या विरळ वस्तीच्या राज्यात, जिथे साधे किराणा दुकानही कित्येक मैलांवर असते, तिथल्या पशुपालकाला अंतर आखून घ्या असे सांगणे निरर्थक होईल. त्याच्यापुरते प्रमादचर्या टाळणे एवढेच उरते, आणि तेवढे पुरेही आहे. उपनगरातील मालकाची गोष्ट वेगळी आहे. त्याने थर्मोस्टॅट बदलून वाचवलेल्या पैशांत आणखी एक लांबची सहल आखली, तर जैन आचार्य ती दुरुस्ती चुकीची ठरवणार नाहीत, पण तिला व्रतही म्हणणार नाहीत.