मीही बाईच

बस. उभ्या उभ्या ऐकण्यासारखं नाही हे. आणि तो मोबाईल पालथा ठेव. वाजला तर वाजू दे. तुझ्यावाचून कारखान्यातली किल्न तासभर फिरेल.

आरतीच्या आधी बोलले नाही. पंधरा-वीस घरं जमली होती, चारचौघांत तुझा अपमान झाला असता. आता सगळे गेले, पत्रावळ्या गोळा झाल्या. आता मी तुझ्या गणपतीची प्रमुख पाहुणी नाही. आठवी ते दहावी तुझ्या मराठीच्या वह्या तपासणारी बाई आहे. सूनबाई, तूही थांब. स्वयंपाकघरात काही जळत नाहीये.

मघाशी भाषण ठोकलंस. "घरापासून इतक्या दूर, या परक्या मुलखात आपण आपली संस्कृती टिकवून आहोत." टाळ्या पडल्या. माझे हात मांडीवर होते, ते तू बघितलंस. म्हणूनच मघापासून नजर चुकवतोयस.

किती दूर रे? रायपूरजवळच्या या सिलतऱ्याहून नागपूर 300 किलोमीटर. नागपूरहून पुणं 700च्या वर. इंजिनियरिंगला पुण्याला गेलास तेव्हा परक्या मुलखात चाललो म्हणून स्टेशनवर रडला होतास का? मी परवा नागपुरातून वंदे भारतने निघाले, दुपारी. 2022च्या डिसेंबरपासून ती गाडी धावते आहे. दिवेलागणीला रायपूरला उतरून लेकीच्या घरी चहा घेत होते. न्यू जर्सीतला तुझा वर्गमित्र असं बोलला असता तर मी ऐकून घेतलं असतं. त्याच्या नि घराच्या मधे समुद्र आहे. पण तो बापडा रविवारी सकाळी पोराला गाडीत घालून मराठी शाळेत सोडतो, वर स्वतः तिथे शिकवतो. तुझ्यापासून वीस किलोमीटरच्या आत, रायपूरच्या चौबे कॉलनीत, स्वातंत्र्याच्या आधीपासूनचं महाराष्ट्र मंडळ आहे. बारा वर्षांत किती वेळा पायरी चढलास? बोटं मोडू नकोस, एका हाताचीसुद्धा लागायची नाहीत.

आणि परका मुलूख कुणाला म्हणतोस? 1 नोव्हेंबर 1956पर्यंत तुझं सिलतरा आणि माझं नागपूर एकाच राज्यात होतं, राजधानी नागपूर. त्याच्या मागे जायचं तर 1741 साली नागपूरकर भोसल्यांचा भास्करपंत फौज घेऊन इथे आला, पुढे बिंबाजी रतनपूरला बसला. ते वसुली करायला आले होते, तीर्थयात्रेला नाही, हेही लक्षात ठेव. उगाच छाती फुगवू नकोस. पण मागाहून आलेल्या सगळ्यांनी वसुलीच केली असं नाही. माधवराव सप्रे घरात मराठी बोलणारे. 1900 साली पेंड्र्याहून त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' काढलं, पुढे दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेलं. तुझ्या गाडीच्या वाटेवर राजनांदगाव लागतं ना, तिथल्या कॉलेजात 1958पासून मुक्तिबोध शिकवत होते. घरची भाषा मराठी, लिहिणं हिंदीत, आणि धाकटा भाऊ शरच्चंद्र नागपुरात मराठी कविता लिहितोय. या माणसांना कुणी विचारलं असतं की तुम्ही आतले की बाहेरचे, तर त्यांना प्रश्नच कळला नसता. तुला मात्र तो बारा वर्षं पुरला.

बरं, टिकवलंस काय ते सांग. तुझ्या लेकाने स्तोत्र म्हटलं. म्हटलं कसलं, वाचलं, मोबाईलवर, इंग्रजी अक्षरांत. कमळ होतं तिथे कमल झालं. 'ळ' तुमच्या घरातून गेला, आणि गेल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. शाळेत तू "बाई, मी येऊन राहिलो" म्हणायचास आणि मी तुझा कान पिळायची. आज तुझ्या पोराच्या तोंडून "येऊन राहिलो" आलं असतं ना, तर मी त्याला जवळ घेऊन पेढा भरवला असता. त्याला तेवढंही अशुद्ध मराठी येत नाही.

हसू नकोस. खरं बोलायचं ते अजून निघालेलंच नाही.

जेवताना सूनबाई म्हणाली, "आमच्या बाईने ऐन गणपतीत दांडी मारली. चार दिवस. मी पैसे कापलेत." सगळ्या हसल्या. एकीने सांगितलं, ती दरवर्षी कापते. मी विचारलं, तुझ्या बाईचं नाव काय? तू म्हणालीस, "बाई." सहा वर्षं ती तुझ्या घरची भांडी घासते. गच्चीवरची काजळी दोनदा धुते, कारण या सिलतऱ्यात सकाळी पुसलेली फरशी संध्याकाळी पायाला काळी लागते. माझं हे पांढरं पातळ बघ, काठाकडे. आणि तिचं नाव बाई! हा इकडे मलाही तीस वर्षं बाईच म्हणतोय. फरक एवढाच की आल्याबरोबर माझ्या पाया पडलात, आणि तिचे चार दिवस कापलेत.

ती कुठे गेली होती माहीत आहे? तीजाला. तीजा म्हणजे तुमची हरतालिका. तोच दिवस, तीच भाद्रपदातली तृतीया, तोच शंकर, तीच पार्वती. इकडे लग्न झालेली लेक त्या दिवशी माहेरीच हवी. बाप नाहीतर भाऊ न्यायला येतो. म्हातारी झाली तरी येतो, भाऊ नसला तर भाचा येतो. आदल्या रात्री कारल्याची भाजी आणि भात खातात, करू भात म्हणतात त्याला, आणि दुसऱ्या दिवशी पाण्याचा थेंब नाही. मला हे माझ्या लेकीच्या शेजारणीने सांगितलं, गेल्या पावसाळ्यात, ठेठरी-खुरमीची ताटली हातात देताना. एका ताटलीत कळलं ते तुला सहा वर्षांत कळलं नाही. तूही हरतालिका धरलीस ना परवा? साबुदाण्याची खिचडी खाऊन? मी त्यावर बोलत नाही, मीही खाल्लेली आहे. पण तू इथे एसीत वाळूची पिंड पूजत असताना तेच व्रत कडक धरून बसलेल्या बाईचे पैसे कापलेस. आणि आज संध्याकाळी नवऱ्याने माइकवर सांगितलं की इथे आपलं कुणी नाही.

रडू नकोस. चूक एकटीची नाही. मालक मुकाट बसले होते, त्यांना विचारते आता.

ऊठ, आणि ते टीव्हीखालचं कपाट उघड. खालचा कप्पा. जुन्या चार्जरच्या मागे. काय आहे? आण इकडे.

मातीचा बैल. चार चाकं, एक चाक फुटलेलं. तुझ्या लेकाने आरतीच्या गडबडीत मला गुपचूप दाखवला. मम्मी फेकून देईल म्हणून लपवलाय म्हणाला. पोळ्याला तिने आणून दिला, त्या तुमच्या बिननावाच्या बाईने, स्वतःच्या पैशाने. इकडे पोळ्याला पोरा म्हणतात, पोरं हा नंदी दोरी बांधून गल्लीभर ओढतात. आता नीट बघ आणि सांग, हे कुठे पाहिलंय तू?

बोल की. माइकवर तोंड सुटत होतं.

तान्हा पोळा. पोळ्याचा दुसरा दिवस. पाचवीत होतास, माझ्या वर्गात यायचा होतास अजून, पण राहायला आमच्याच गल्लीत. हातभर लाकडी नंदी, शिंगांना बेगड, गळ्यात तुझ्या आईने ओवलेली झेंडूची माळ. तोरणाखाली उभा राहून झडतीचं गाणं म्हणालास आणि मधेच विसरलास, मग सगळ्या गल्लीने पुरं केलं. तो नंदी अजून तुझ्या आईच्या माळ्यावर आहे, तिनेच मला सांगितलं. आणि तुझ्या लेकाला तोच खेळ या गावच्या बाईने लावून दिला, तर तुमच्या घरात तो माती ठरला. आपल्या पोरांना आपलं काही मिळत नाही म्हणून बायका मघाशी हळहळत होत्या. मिळत होतं. दारात आणून दिलेलं होतं.

तूच मला एकदा समजावलं होतंस स्पंज आयर्न म्हणजे काय. दगड आणि कोळसा त्या आडव्या नळकांड्यात फिरत राहतात, लोखंड वितळत नाही, आतला प्राणवायू तेवढा निघून जातो आणि भोकं राहतात. मला विज्ञानातलं काही कळत नाही, पण आज भाषण ऐकताना तेच आठवत होतं.

असो. घड्याळ बघू नकोस, जावई न्यायला येईल दहाला. तोवर दोन कामं.

सूनबाई, चार दिवसांचे पैसे पाकिटात घाल. तिजहारिणीला, म्हणजे तीजाला आलेल्या लेकीला, माहेरहून निघताना साडी देतात, तुझ्याकडूनही एक जाऊ दे, हळदीकुंकवाला वाण म्हणून आलेली नको, तुझ्या कपाटातली. ती उद्या येईल ना? तिला गणपतीसमोर बसव. ओटी भर, आणि नाव विचार. तुझ्या लेकाला ठाऊक आहे ते, मला त्याने कानात सांगितलं. पण मी तुला सांगायची नाही.

आणि तू, फेविकॉल शोध. चाक अगदीच गेलेलं नाही, आस शाबूत आहे. बोलाव त्याला, झोपला नाहीये तो, मघापासून दाराआडून ऐकतोय. ये रे इकडे. धर हा बैल, बाबा चिकटवेल तोवर हलवायचा नाही. आणि म्हण बघू माझ्यामागे. ळ. जीभ मागे वळव. अशी. ळ. बैल पळतो.

परत.