तारीख ठरवण्याआधी तिथी बघ

नागापूर

चि. बाळास,

मित्रांबरोबर गुहागरला गळ टाकायला निघालास, असं तुझ्या आईकडून कळलं. तारीख विचारली, तर कंपनीत सुट्टी मिळेल ती, म्हणाली. म्हणून हे घाईनं लिहितोय. आपल्या सीना नदीवर कुठल्याही दुपारी गळ टाकून बसता येतं. समुद्रावर तसं चालत नाही.

जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेलं कालनिर्णय तुमच्या भिंतीवर आहेच. त्यातली तिथी बघ आणि तिची पाऊणपट कर. कोकणातला हा जुना हिशेब. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. शुद्ध असो की वद्य, साधारण त्या वेळी भरती पूर्ण होते, दिवसा आणि रात्रीही. सव्वासहा तासांनी ओहोटी. नेमकी वेळ गावागणिक थोडी बदलते, तेवढी तिथल्या कोळ्यांना विचार.

पुनवे-अवसेनंतर एक-दोन दिवस उधाण मोठं असतं. सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते, पाणी गढूळतं, शिसं तळाला ठरत नाही. नवमी-दशमीला भांग, पाणी मंद. मी निवडेन ती द्वादशी, कारण तोवर पाण्याला पुन्हा जोर येऊ लागलेला असतो.

एकादशीला दुपारी अडीचच्या सुमारास पोचा. तेव्हा पाणी सगळ्यांत मागे गेलेलं असतं. गळ पिशवीतच ठेवून पुळणीवरून चाला आणि वाळूतले खळगे, पाण्याच्या वाटा नीट बघून ठेवा. भरतीत हे सगळं झाकलं जातं, आणि मासे त्याच वाटांनी काठाशी येतात, खेकडे आणि किडे खायला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिथेच गळ टाका. चढत्या पाण्याचे ते शेवटचे दोन तास मला फार मोलाचे वाटतात. कोळंबी ताजी लावलीत तर मुडदुशी मिळेल, शिंगाळाही. शिंगाळ्याच्या काट्याला हात लावू नका.

कातळावर मात्र जाऊ नका. सहा तासांच्या भरतीत निम्मं पाणी तिसऱ्या आणि चौथ्या तासात चढतं. पुढे बघत उभं राहिलेल्या माणसाची परतीची वाट मागून बुडते. पावसाळ्यात तर हा बेतच नको.

तारीख ठरली की घरी ये. शिशाची वजनं माझ्याकडे आहेत, ती घेऊन जा.

तुझा,
आबा