अंधारातला हात

फिल्म रिळावर चढवायला मिट्ट काळोख लागतो. छपाईचा कागद लाल दिव्यात हाताळता येतो, पॅनक्रोमॅटिक फिल्मला तोही चालत नाही. बंगळूरात, मल्लेश्वरममधल्या आमच्या घरी तेवढा काळोख फक्त न्हाणीघरात.

परवाचा रोल शेजारच्या काकूंचा. उटीच्या कारखान्यातली ‘इंदू’ फिल्म, 12 फोटोंची. काका गेले तेव्हापासून त्यांच्या क्लिक-थ्री कॅमेऱ्यातच राहिलेली. पावसाळी दमट हवेत ती प्लास्टिकच्या रिळाच्या खाचेत अडली. अशा वेळी थांबून रीळ कोरडं करायचं असतं; बोटांना ते ठाऊक होतं. मी रेटलं. फिल्म मुडपल्याचं ऐकू आलं.

दोन फोटोंवर चंद्रकोरीसारखे डाग उमटले. जुन्या फिल्मवर ढकलता आले असते. साक्षीदार नव्हता, आणि खरं सांगून डाग थोडेच पुसले जाणार? कबुलीनं हलका होणार तो मीच, असाही युक्तिवाद केला. तो अजूनही मला अगदीच खोटा वाटत नाही.

काकूंनी डागावरून बोट फिरवलं. “शेवटी शेवटी ह्यांचा हात फार थरथरायचा,” म्हणाल्या.

“काकू, हात माझा होता,” मी म्हटलं, आणि काय झालं ते सांगितलं.